गरोदर बाईनं पडून राहावं की राबावं?

सात महिन्यांची पोटुशी बाई जिममध्ये डंबेल्स उचलतेय, असली एखादी रील अधूनमधून मोबाइलवर फिरते आणि तिच्याखाली तोच तमाशा नव्यानं उभा राहतो. एक गट म्हणतो, "शोभतं का हे? पोटातल्या जिवाला काही झालं म्हणजे कळेल." दुसरा गट तितक्याच तावातावानं म्हणतो, "आमच्या आज्या भांगलण करता करता बांधावर बाळंत व्हायच्या आणि चार दिवसांत परत खुरपं हातात घ्यायच्या. आजकालच्या पोरींना बसून खायला पाहिजे." रील नसली तरी कोल्हापुरातल्या घराघरांत हा वाद चालूच असतो. माहेरची आई सांगते, "जड काय उचलू नगंस, जिना चढू नगंस, गप पडून ऱ्हा." सासरी ऐकू येतं, "उकिडवं बसून फरशी पूस, म्हंजे सुटका लवकर हुईल." एकाच पोरीला एकाच महिन्यात दोन्ही सल्ले मिळतात आणि दोन्ही मायेनंच दिलेले असतात. पण भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. बाईच्या शरीराला काय सोसतं, एवढ्यावरच दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. तिची हालचाल कुणाच्या मर्जीनं होते, दमल्यावर ती थांबू शकते का, आणि ती अर्धा तास चालायला बाहेर पडली तर त्या वेळात भाकऱ्या कोण थापणार, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल, तर बाईनं चालावं, व्यायाम करावा; बाळंतपणाआधीही आणि नंतरही. पडून राहायला सांगायचं असेल तर त्याला डॉक्टरांनी दिलेलं ठोस कारण हवं. त्याच वेळी, घरातलं आणि रानातलं राबणं हा व्यायाम नाही. ते कमी झालंच पाहिजे. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतात, आणि तिथंच सगळा घोटाळा आहे. आपल्याकडं जिनं उठून फिरायला हवं तिला आपण गादीवर झोपवतो, आणि जिला गादीवर टेकवायला हवं तिच्या डोक्यावर मोळी देतो.

आधी वैद्यकशास्त्राचं बघू, कारण त्याचा आधार दोन्ही गट सोयीनं घेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये शारीरिक हालचालींबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांसाठी वेगळा भाग आहे. वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मध्यम गती म्हणजे किती? चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, इतकी. चालणं, पोहणं, जागेवरची सायकल, ताण देणारे व्यायाम, बेतानं वजन उचलणं हे सगळं त्यात बसतं. पडायची भीती असलेले किंवा पोटाला धक्का लागू शकेल असे खेळ, कडक उन्हातली कसरत आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर पाठीवर उताणं झोपून करायचे व्यायाम टाळायचे. फायदे नुसते ऐकीव नाहीत. गरोदरपणातला मधुमेह, वाढणारा रक्तदाब, गरजेपेक्षा जास्त चढणारं वजन, बाळंतपणानंतरची उदासी या सगळ्यांचा धोका व्यायामानं कमी होतो. आता कुणी म्हणेल, हे डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरं. खरं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच 1985 मध्ये गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत आणि दमछाक करणारा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा घातली होती. 1994 मध्ये ती काढून टाकली, कारण तिच्यामागं काळजी होती, पुरावा नव्हता. आपल्या घरातली बहुतेक बंधनं याच जातीची आहेत. काळजी खरी असते म्हणून पुरावा मागायचाच नाही का?

विरोधातला सगळ्यांत भक्कम मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. प्रत्येक गरोदर बाई निरोगी नसते. वार (प्लॅसेंटा) खाली असेल आणि रक्तस्राव होत असेल, पाणी गेलं असेल, दिवस भरायच्या आधी कळा येत असतील, गर्भपिशवीचं तोंड सैल म्हणून टाका घातला असेल, रक्तदाब चढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर व्यायामाचं नावही काढू नये. डॉक्टर सांगतील तेच. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, अंगावरून रक्त गेलं, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. आणि ॲनिमियाचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेल्या बाईला 'रोज भरभर चाल' म्हणून सांगणं हा सल्ला नाही, क्रूरपणा आहे. तिला आधी लोह, पोटभर जेवण आणि उपचार हवेत.

पण या अपवादांच्या आडून आपण जे करतो ते वेगळंच आहे. अपवादाचा नियम करून टाकतो. थोडं कंबर दुखलं की 'बेड रेस्ट'. पहिल्या वेळी गर्भ टिकला नाही म्हणून दुसऱ्या वेळी नऊ महिने बेड रेस्ट. पडून राहिल्यानं गर्भपात किंवा अकाली प्रसूती टळते, याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. उलट रक्ताच्या गुठळ्या, स्नायूंची झीज, हाडांची हानी हे तोटे मात्र ठाऊक आहेत. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. त्यांचा पाण्याच्या बादलीशी, जिन्याशी, स्कूटीवरून राजारामपुरीला जाऊन आल्याशी काही संबंध नसतो. तरी आपल्याकडं गर्भपात झालेल्या पोरीला पहिला प्रश्न हाच येतो: "काय उचललंस का गं?" या एका प्रश्नानं किती जणींना आयुष्यभर अपराधी ठरवलंय, याचा हिशोब कोण ठेवणार?

दुसरा आक्षेप परंपरेचा. आयुर्वेदात गर्भिणीला व्यायाम वर्ज्य सांगितलाय, असं ठणकावून सांगणारे भेटतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तशी यादी आहे, हे खरं. पण ती पूर्ण वाचावी. व्यायामाबरोबर त्याच यादीत दिवसा झोपणं वर्ज्य आहे, रात्रीचं जागरण वर्ज्य आहे, उपासमार वर्ज्य आहे, शोक आणि भीतीही वर्ज्य आहे. ज्यांना व्यायाम तेवढा खटकतो त्यांना गरोदर सुनेची दुपारची चार तासांची झोप खटकत नाही, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं तिच्या ताटात पडतं तेही खटकत नाही. 'मुलगाच पाहिजे हं' म्हणून तिला रोज घातली जाणारी भीती शास्त्राविरुद्ध आहे, हे तर कुणाच्या गावीही नसतं. शिवाय त्या काळी व्यायाम म्हणजे काय होतं? निरोगी, बळकट माणसानंही तो अर्ध्या ताकदीपर्यंतच करावा, असं आयुर्वेदानं सांगितलंय. म्हणजे डोळ्यांसमोर कुस्ती, जोर, बैठका होत्या. संध्याकाळची वीस मिनिटांची चाल नव्हती. परंपरेचा अभ्यास कसा करायचा याचा धडा खरं तर कोल्हापूरशी जोडलेला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. मिळवली ती प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थाननं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचं मूल गमावलेली ही बाई परंपरा नाकारायला निघाली नव्हती, ती वाचायला निघाली होती. कामावर रुजू व्हायच्या आतच फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या. जुनी ग्रंथसंपदा आणि नवं वैद्यक एकाच टेबलावर ठेवून बघणारी डॉक्टर तेव्हा या गावाला मिळाली असती, तर आजचा हा वाद कदाचित थोडा शहाणपणानं चालला असता.

आता आज्यांकडं वळू. 'आमच्या आज्या राबून बाळंत व्हायच्या' हा युक्तिवाद ऐकायला रुबाबदार आहे. तो करणाऱ्यांनी आपल्या आजीला, असल्यास पणजीला, एकदा नीट विचारावं: "किती झाली आणि किती राहिली?" आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका हा हिशोब अगदी सहज सांगतात. नऊ झाली, पाच राहिली. सात झाली, चार राहिली. जी राहिली नाहीत ती कौतुकाच्या गोष्टीत येत नाहीत, आणि ज्या आज्या स्वतःच राहिल्या नाहीत त्यांची गोष्ट सांगायला तर कुणी उरलेलंच नाही. शिवाय हे फक्त भावनेचं नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा आणि कामाचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बायकांना शेतीचं, पाणी आणण्याचं आणि घरचं कष्टाचं काम सगळ्यांत जास्त होतं, त्यांची बाळं जन्मतःच लहान भरली. या बायका परदेशातल्या नव्हेत, आपल्याच मराठी गावांतल्या. रोज इतकं राबणं इतक्या थोड्या जेवणावर झालं, तर त्याची किंमत पोटातलं बाळ मोजतं.

मग कुणी हुशारीनं विचारेल: हृदयाचे ठोके तर तेवढेच वाढतात, कॅलरी तेवढ्याच जळतात, तर रंकाळा तलावाभोवती फिरणं चांगलं आणि विहिरीवरून घागर आणणं वाईट, हे कसं? प्रश्न रास्त आहे. फरक असा, की फिरणारी बाई दमली की बाकावर बसते. घागर आणणारीला मधेच बसता येत नाही. फिरणारी वीस-तीस मिनिटांत घरी येते. राबणारीचा दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री भांडी घासून संपतो. व्यायामानंतर एकीला दूध-फळ मिळतं, कामानंतर दुसरीला पुढचं काम मिळतं. तासन्‌तास उभं राहणं, वारंवार जड उचलणं, वाकून करायची कामं, रात्रपाळी यांचा संबंध अकाली प्रसूतीशी आणि कमी वजनाच्या बाळाशी वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलाय. स्वतःच्या मर्जीनं केलेल्या बेताच्या व्यायामाचा दिसलेला नाही. इचलकरंजीत यंत्रमागासमोर पाळीभर उभी असणारी बाई दिवसाला कितीतरी पावलं चालते. तिला घरी गेल्यावर 'व्यायाम कर' म्हणून सांगायचं नसतं, पाय वर करून बसवायचं असतं.

फरशीचा मुद्दा इथंच निकालात काढू. फरशी पुसल्यानं 'नॉर्मल' होतं आणि न पुसल्यानं 'सीझर' होतं, हा समज सुनेवर दोषारोप करायला फार सोयीचा आहे. नियमित व्यायामानं सीझरची शक्यता थोडी घटते, असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण 'थोडी' हा शब्द लक्षात ठेवावा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सीझरनं झाली, खासगीत 47.4 टक्के. अवघड केसेस खासगीत जास्त जात असतील, पैसेवाल्या घरांतल्या बायकांचं वय आणि वजन जास्त असतं, हे सगळं गृहीत धरलं तरी सरकारी फाटकातून आत जाणाऱ्या बायका तिप्पट फरशी पुसतात असं काही आपण म्हणणार आहोत का?

आता त्या बाईकडं बघू, जिच्याबद्दल या वादात चकार शब्द निघत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येऊन उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत थांबायची सोय नाही. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, म्हणजे दंड लागतो. पहाटे फडात जाऊन बघावं. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते. ट्रक भरायची वेळ आली, की ट्रकला एक अरुंद फळी टेकवलेली असते. दवानं ओली झालेली. डोक्यावर मोळी, एक हात मोळीला, दुसरा हवेत तोल सावरायला, पायात धड चप्पल नाही, आणि पदराखाली सहावा-सातवा महिना. वर चढायचं, मोळी फेकायची, उतरायचं, परत चढायचं. याच बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचं प्रमाण भयानक आहे, हे 2019 मध्ये उघड झालं तेव्हा राज्य हादरलं, सरकारनं चौकशी समिती नेमली, आणि पुढच्या हंगामात टोळ्या परत आल्या. 1961 चा प्रसूती लाभ कायदा 2017 मध्ये सुधारला गेला आणि पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली. आनंद आहे. पण दहा किंवा जास्त नोकर असलेल्या, हजेरीपट असलेल्या आस्थापनांसाठी ती रजा आहे. कोयत्याला हजेरीपट नसतो, त्याला खाडा असतो.

इतिहासात एक आठवडा असा आहे की त्यात हा सगळा दुटप्पीपणा एकत्र सापडतो. 28 जुलै 1928 ला मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. गिरणी कामगार बायकांच्या विश्रांतीचा खर्च कुणी सोसायचा यावर तिथं खल चालला होता. त्याच दिवशी ॲमस्टरडॅममध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं आणि आठवड्याच्या आत बायका तिथं पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काहीजणी धापा टाकत बसल्या, आणि तेवढ्यावरून हे अंतर बाईच्या शरीराला झेपत नाही असं ठरवून ती शर्यत थेट 1960 पर्यंत बंद ठेवली गेली. दोन-सव्वादोन मिनिटांची धाव बाईला झेपत नाही, पण गिरणीतली अख्खी पाळी झेपते! बाईचं शरीर नाजूक आहे की दणकट, हे शरीर बघून कधी ठरलंच नाही. तिच्या श्रमातून कुणाला काय मिळतं, यावर ते ठरत आलंय. मुंबईचा कायदा 1929 मध्ये झाला, आणि विश्रांती हा उपकार नसून हक्क आहे ही गोष्ट निदान कागदावर आली.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. बाळंतिणीची खोली. अंधारी, दार लोटलेली, कोपऱ्यात शेगडी, बाजेखाली धुरी, ओवा-बाळंतशेपांचा वास, डोक्याला घट्ट फडकं, कानात कापूस. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून कढत पाण्याची अंघोळ. सव्वा महिना बाहेर पाऊल टाकायचं नाही, वारं लागेल. शहरातल्या शिकलेल्या पोरी याची टर उडवतात. पण आपल्या समाजात बाईला कामातून हक्कानं मोकळं करणारी ही एकच रजा आहे. माहेरचं बाळंतपण म्हणजे नुसती रूढी नाही. भांडी, धुणं, स्वयंपाक आणि नवऱ्याच्या हाकेपासून आयुष्यात मिळालेली सुट्टी आहे ती. आता तिथं जाऊन आपण सांगितलं, की पडून राहणं वाईट, बाळंतिणीनं उठून फिरावं, तर काय होईल? सासरचा फोन येईल: "डॉक्टरच म्हणत्यात फिरायला पाहिजे, मग इकडं येऊनच फिरू दे की." अठराव्या दिवशी पोरगी मोरीत धुणं घेऊन बसलेली असेल. व्यायामाचा सल्ला कष्टाचा हुकूम होऊन तिच्याकडं पोचेल. ही भीती काल्पनिक नाही, त्यामुळं सव्वा महिन्याला हात लावायला मी सहजासहजी तयार नाही.

तरीही खोलीतलं सगळं राखून ठेवायचं कारण नाही. रजा ठेवायची, बाज सोडायची. दिवसभर पडून राहण्यात नेमका धोका आहे तो याच काळात: पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायची शक्यता बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सगळ्यांत जास्त असते. त्यात बऱ्याच घरांत 'पोट सुटेल' म्हणून बाळंतिणीला पाणी हात राखून देतात. पाणी कमी, हालचाल कमी, वर शेगडीचा घाम. मग बद्धकोष्ठ आणि टाके ताणले जातात ते वेगळंच. म्हणून तर सीझर झालेल्या बाईलाही आता पहिल्या दिवशीच आधार देऊन उभं करतात. नातेवाईक तेव्हा नर्सशी भांडतात, "पोटाला टाके हायत, दिसत न्हाई का?" पण हा धडा वैद्यकालाही वाट वाकडी करूनच मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्पितळांत खाटा अपुऱ्या पडायला लागल्या, म्हणून बाळंतिणींना लवकर उठवायची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुळली, आणि लवकर उठलेल्या बायका बऱ्या राहतात असं दिसून आलं. हृदयविकाराच्या रुग्णांना महिना-दीड महिना खाटेवर जखडून ठेवायची पद्धतही 1950 नंतर अशीच मोडत गेली. आधी खुर्चीत बसवलं, मग चालवलं. हृदयरोग्याला जे पटवून देता आलं ते बाळंतिणीच्या आईला पटवणं इतकं अवघड आहे का?

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल बायका बायकांशीही कुजबुजत बोलतात. खोकलं, शिंकलं, हसलं की थेंब थेंब लघवी होते. काहीजणींचं पुढं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते. 'बाळंतपणानंतर असं व्हायचंच' म्हणून ती वर्षानुवर्षं सोसते, लग्नाकार्याला जायचं टाळते, उन्हाळ्यात पाणी प्यायचं टाळते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळीसारखी पट्टी असते. गरोदरपणात आणि बाळंतपणात ती ताणली जाते. तिचा व्यायाम बाजेवर बसूनही होतो. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढायचे, श्वास न कोंडता पाच-दहा सेकंद धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. दिवसातून काही वेळा आठ-दहा वेळा करायचे. पोटात काही गुंतागुंत नसेल तर गरोदरपणापासूनच सुरू करता येतं. पैसे लागत नाहीत, साडी बदलावी लागत नाही, घराबाहेर पडावं लागत नाही. पोटाला कापडी पट्टा आवळून बांधायची आपल्याकडं केवढी घाई असते. आतली पट्टी घट्ट करायचं मात्र कुणी सांगत नाही, कारण त्याबद्दल बोलायचीच लाज.

रीलवाल्यांशीही माझं भांडण आहे. 2007 मध्ये जुळी झाल्यावर मेरी कोमनं 2008 ची जागतिक स्पर्धा जिंकली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इजिप्तची नादा हाफेज सात महिन्यांची गरोदर असताना तलवारबाजी खेळली. ही उदाहरणं बाईचं शरीर काचेचं नाही एवढं दाखवतात, आणि तेवढ्यापुरतीच वापरावीत. त्या आयुष्यभर सराव केलेल्या खेळाडू आहेत. ज्या पोरीनं शाळेतल्या पीटीनंतर पळायचा विचारही केला नाही तिच्यापुढं त्यांना उभं करणं म्हणजे तिला कमीपणा आणणं. आणि 'तीन महिन्यांत पोट आत' छापाची जी दुकानदारी चालते ती तर सासूच्या टोमण्याची इंग्रजी आवृत्ती आहे. नव्या आईनं चालावं ते पाठ दुखू नये, झोप लागावी, मन ताळ्यावर राहावं म्हणून. चार भिंतींत तान्ह्याबरोबर कोंडलेल्या बाईला उदासी घेरते तेव्हा मोकळ्या हवेतली वीस मिनिटं फार मोठा आधार देतात. ती पुरेशी नसतील, रडू थांबत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तिथंही डॉक्टरच.

आता सार्वजनिक प्रश्न. तिनं चालायचं कुठं? हे तालमींचं गाव. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान 1912 मध्ये उभं केलं, पेठापेठांतून तालमी पोसल्या, शरीर कमावणं ही इज्जतीची गोष्ट केली. त्या वारशात अर्ध्या गावाला जागा कुठली मिळाली? पेठेतल्या तालमीच्या दारात पोटुशी बाई उभी राहिली तर लोक काय म्हणतील, याची कल्पनाही करवत नाही. रंकाळ्यावर, विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते, पण तिच्यातल्या गृहस्थांच्या घरी त्याच वेळी कुणीतरी पाणी भरतंय, डबे करतंय. पेठांतल्या रस्त्यांवर फूटपाथ असलाच तर त्यावर दुचाक्या, फरश्या उखडलेल्या, कुत्र्यांची टोळी. सात महिन्यांच्या बाईला अर्ध्या तासात एकदा तरी लघवीला जावं लागतं. स्वच्छ मुतारी नसलेली फिरण्याची जागा तिच्यासाठी जागाच नाही. महापालिकेनं सुशोभीकरणाच्या कारंज्यांआधी सपाट पायवाट, बसायला बाक आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह एवढं दिलं तरी पुष्कळ. तालमींच्या सभागृहांत दुपारी दोन तास बायकांसाठी राखून ठेवले तर लाल माती विटाळणार नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जातं. त्याच कागदावर 'ही किती तास राबते, किती मिनिटं चालते' असे दोन रकाने वाढवायला कितीसा खर्च आहे? माता-बाल संरक्षण कार्डावर दिवसा दोन तास आणि रात्री आठ तास विश्रांती घ्या असा सल्ला असतो. राबणाऱ्या बाईसाठी तो अगदी योग्य आहे. पण फ्लॅटमध्ये दिवसभर सोफ्यावर असणारी बाई आणि फडात मोळ्या वाहणारी बाई दोघींना तेच कार्ड मिळतं. आशाताईंना दोन रकान्यांतला फरक कळला, तर त्या एकीला उठवतील आणि दुसरीच्या मुकादमाशी बोलतील. गरोदर बाईच्या दिवसाला खाडा लावायचा नाही, ही अट कारखान्यानं मुकादमाच्या करारात घालावी.

"सगळं खरं, पण वेळ कुठाय?" हा शेवटचा आक्षेप पुरुष घेतात, याची मला नेहमी गंमत वाटते. आठवड्याला 150 मिनिटं म्हणजे दिवसाला बावीसेक मिनिटं. गरोदर बायकोला सोनोग्राफीला नेणारा, शहाळं आणणारा, पोटावर कान ठेवून ऐकणारा नवरा कोल्हापुरात भरपूर सापडेल. संध्याकाळी सात वाजता कणीक मळणारा शोधावा लागेल. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर आटोक्यात राहते हे डॉक्टर तिला सांगतात, आणि जेवणानंतरच तर तिच्यापुढं खरकट्या भांड्यांचा ढीग असतो. ती भांडी त्यानं घासावीत. बाळ झाल्यावर ती फिरायला जाईल तेव्हा बाळाला त्यानं घ्यावं, आणि बाळ रडलं तरी पाच मिनिटांत तिला फोन लावू नये.